२६ फुटी फायबर बोटीसाठी व्हीएचएफ: हातातला की बसवलेला?

खाडीवाला

बोट २६ फुटी फायबर, ४० अश्वशक्तीचं आउटबोर्ड, १२ व्होल्टची एकच बॅटरी, मध्यावर छोटा टप (केबिन). हर्णैतून निघून जास्तीत जास्त १२ सागरी मैलांपर्यंत जाणं-येणं. ३१ जुलैला पावसाळी मासेमारीबंदी संपते, त्याआधी मरीन व्हीएचएफ (बोटीवरचा रेडिओ) बसवून व्हायला हवा.

दुकानात सांगतात, ६ वॅटचा हातातला सेट घ्या, एवढ्याशा बोटीला २५ वॅटचा म्हणजे नुसती हौस. धक्क्यावर सांगतात, २५ वॅटचा चौपट लांब जातो. खरं कुणाचं? अँटेना कोणता घ्यावा? आणि ते लाल बटणवालं डीएससी, दाबलं की संकटाचा संदेश आपोआप जातो म्हणतात, त्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ आहे का?

फिरता_अँटेना

दोघांचंही अर्धंच खरं. व्हीएचएफ जवळजवळ नजरेच्या रेषेत जातो, त्यामुळे पल्ला ठरतो अँटेनाच्या उंचीवर. हिशेब तोंडी होतो: पाण्यापासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, २.२ ने गुणा. सागरी मैलांतला हा तुमचा हिस्सा. समोरच्याचा तसाच काढा आणि दोन्हींची बेरीज करा.

हातातला सेट दीड मीटरवर धरला तर हिस्सा २.७ मैल. समोरच्या होडीतही तसलाच सेट असेल तर दोघांमध्ये साडेपाच मैलांच्या आतच बोलणं. तुमच्या टपावर अँटेनाचं टोक ४ मीटरवर गेलं तर हिस्सा ४.४, तशा दोन बोटी पावणेनऊ मैलांपर्यंत बोलतील. मालवाहू जहाजाचा अँटेना २५ मीटरवर धरला तर ११ अधिक ४.४, म्हणजे पंधराच्या वर. किनाऱ्यावरच्या ठाण्याचा अँटेना १०० मीटरवर असेल तर सव्वीस. या सगळ्यात वॅट कुठे आले का? नाही.

वॅट कामी येतात ते या रेषेच्या आत. ६ वरून २५ वॅट म्हणजे साधारण ६ डेसिबलची भर. कडेला जिथे आवाज खरखरीत बुडत होता तिथे शब्द कळायला लागतात, पण क्षितिजापलीकडे काही पोचत नाही. ‘चौपट वॅट, चौपट पल्ला’ हे धक्क्यावरचं गणित.

हातातल्या सेटची खरी अडचण वेगळीच आहे. त्याचा आखूड रबरी अँटेना मुळात अधू, त्यात तुम्ही त्याला छातीशी धरता आणि तुमचं शरीर एक बाजू झाकून टाकतं. कोकणात भर म्हणजे कड्यांची सावली. भूशिराच्या पायथ्याशी जाळं टाकून बसलात तर मागच्या बाजूचं ठाणं दोन मैलांवर असलं तरी बहुधा मुकं होतं.

१२ मैलांसाठी माझं मत: आधी बसवलेला २५ वॅटचा सेट, डीएससी क्लास डी (छोट्या बोटींसाठीचा प्रकार). मग जमेल तेव्हा हातातला.

तांडेल_नाना

अँटेनाचा हिशेब बरोबर, पण क्रमाशी मी सहमत नाही. खाडीवाल्यांची बॅटरी एकच, आणि अशा बोटीत ती बहुतेक तळाशी असते. पाणी शिरलं की इंजिनाच्याही आधी बॅटरी जाते आणि तिच्याबरोबर २५ वॅटचा सेट. नेमक्या त्या घटकेला हातातलाच उरतो. म्हणून दोन्ही हवेत, नंतर-बिंतर नाही. आणि बॅटरी आधी उचलून किमान आसनाच्या उंचीवर, झाकणाच्या पेटीत पट्ट्याने बांधून ठेवा. रेडिओ घेण्याआधी करायचं काम हे आहे.

हातातला घेताना तीन गोष्टी बघा. पडल्यावर तरंगतो का, निदान आयपीएक्स७ आहे का, म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल का, आणि बॅटरी कशी आहे. आयकॉमचा आयसी-एम२५ ५ वॅटचा आहे, तरंगतो, यूएसबीवर चार्ज होतो. स्टँडर्ड होरायझनचा एचएक्स८९० ६ वॅटचा, तरंगणारा, वर जीपीएस आणि डीएससी. दुसरा महाग आहे, पण माणूस पाण्यात आणि सेट हातात अशी वेळ आली तर फरक कळतो. आणि तो टपातल्या खणात ठेवायचा नाही, जॅकेटला दोरीने अडकवायचा.

उलटा_वारा

उंचीच नाही तर मग जास्त गेनचा अँटेना लावावा ना? ९ डेसिबलचा मिळतो. ३ वाल्यापेक्षा चांगला असणारच.

फिरता_अँटेना

@उलटा_वारा, शांत पाण्यात हो, आपल्या दर्यात नाही. गेन म्हणजे नवी ताकद नव्हे. चेंडूसारखी चहूकडे पसरलेली ताकद भाकरीसारखी चपटी करून आडवी फेकणं. ९ डेसिबलची भाकरी फार पातळ. बोट २० अंश कलली की एका बाजूची ताकद आकाशात आणि दुसरीकडची पाण्यात. समोरच्याला तुमचा आवाज लाटेगणिक येतो-जातो. शिवाय तो अँटेना चार-सहा मीटर लांब, २६ फुटी बोटीवर त्याचा पाया उखडायला एक पावसाळा पुरतो.

लोळणाऱ्या छोट्या बोटीला ३ डेसिबलचा, मीटरभर लांबीचा, टपावर काठी उभी करून तिच्या टोकाला. टप रुंद आणि बोट बऱ्यापैकी स्थिर असेल तर ६ डेसिबलचा ८ फुटी चालेल. घेताना तो ‘हाफ वेव्ह’ आहे याची खात्री करा, म्हणजे खाली धातूचा पत्रा लागत नाही. गाडीवर लावतात तसला पाव तरंगलांबीचा अँटेना फायबरच्या टपावर लावला की तो नुसता शोभेचा.

आणि केबल! १० मीटर आरजी-५८ या पातळ केबलमध्ये या फ्रिक्वेन्सीला सुमारे २ डेसिबल जातात. २५ वॅट सेटमधून निघाले, अँटेनाला १६ पोचले. आरजी-२१३ मध्ये त्याच लांबीला १ डेसिबलच्या आतबाहेर, पण ती जाड आणि ताठ, छोट्या टपात वळवताना नाकी नऊ येतात. ५-६ मीटरच लागणार असेल तर आरजी-८एक्स मधला मार्ग. उरलेली केबल भेंडोळं करून ठेवू नका, मापाने कापा.

कळंक

जोडणीबद्दल मी लिहितो, कारण रेडिओ ‘बिघडला’ म्हणून येतो तेव्हा बहुतेक वेळा बिघाड रेडिओत नसतो, केबलच्या टोकाच्या पीएल-२५९ कनेक्टरमध्ये नाहीतर वायरीत असतो.

कनेक्टर: सगळ्यात आधी बाहेरची फिरती कडी केबलमध्ये सरकवा. हे विसरून सोल्डर करणारे इतके आहेत की पहिली पायरी म्हणून वेगळी लिहावी लागते. मग रिड्यूसर, म्हणजे पातळ केबल कनेक्टरमध्ये घट्ट बसवणारी नळी: आरजी-५८ ला यूजी-१७५, आरजी-८एक्स ला यूजी-१७६. दिसायला सारखे, भोकाचं माप वेगळं. बाहेरचं आवरण कापून जाळी उलगडा, रिड्यूसरवर मागे दुमडा, जादा छाटा. मधली तार पिनेतून बाहेर डोकावली पाहिजे. कनेक्टर आवळा, पिनेत सोल्डर भरा, मग बाजूच्या भोकांतून जाळीला. सोल्डरिंग आयर्न पुरेसं तापलेलं हवं, नाहीतर आतलं प्लास्टिक वितळेल पण सोल्डर धरणार नाही. शेवटी मल्टिमीटर: अँटेना न जोडता मधली पिन ते बाहेरची कडी पूर्ण खुलं दिसलं पाहिजे. काही किलोओहम दिसले तर केबलमध्ये पाणी आहे.

खारं पाणी तांब्याच्या जाळीत वातीसारखं चढतं. वरून केबल काळीभोर नवी, आत दोन हात हिरवा कळंक. चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापायचं, दुसरा इलाज नाही. म्हणून बाहेरच्या प्रत्येक जोडावर आधी स्वतःत चिकटणारी रबरी टेप, ताणून, अर्धी-अर्धी चढवत, खालून वर. खालून वर गुंडाळली की थर कौलांसारखे पडतात. वर साधी टेप, उन्हासाठी. टपात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ ठेवा, पाण्याचा थेंब तिथून गळून पडेल, आत येणार नाही.

वीज: २५ वॅटला बोलताना सेट ५-६ अँपिअर ओढतो, ऐकताना अर्ध्या अँपिअरच्या आत. बॅटरी ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर तार. १.५ चौरस मिमीच्या तारेत ६ अँपिअरला ०.७ व्होल्ट गळतात, ४ चौरस मिमीत पाव व्होल्ट. बोटीसाठी कथील चढवलेलीच तार घ्या. सेट थेट बॅटरीवरून, नेव्हिगेशन दिव्यांच्या फांदीवरून नको. फ्यूज सेटच्या पुस्तिकेत लिहिलाय तोच.

लक्षणावरून ओळखायचं झालं तर: ऐकू छान येतं, पण बटण दाबताच पडदा मंदावतो किंवा सेट बंद होऊन पुन्हा चालू होतो, म्हणजे वीज गळतेय. अँटेनाला हात लावू नका, बॅटरीचे टोक घासा. सेट चालू राहतो पण लांबचा कुणी ऐकत नाही, तर आधी बघा चुकून १ वॅटवर तर नाही ना. तेही नसेल तर एसडब्ल्यूआर मीटर, अँटेनाकडून ताकद परत येतेय का ते दाखवणारा: १.५ च्या आत उत्तम, २ पर्यंत चालतं, ३ च्या वर गेलं तर अँटेना किंवा केबल नक्की. अँटेना काढून ठेवून बटण दाबायचं नाही, बोलायचंच असेल तर डमी लोड (अँटेनाच्या जागी ताकद जिरवणारा रोध) लावा.

खाडीवाला

टपावर नवीन एलईडी दिवे लावलेत. त्यांच्यामुळे रेडिओत खरखर येते म्हणतात, ते खरं का?

कळंक

येते, आणि खरी खरखर कानाला ऐकूच येत नाही, कारण स्क्वेल्च (सेटवरचं खरखर दाबणारं बटण) ती झाकतो. झाकता झाकता लांबचा अशक्त आवाजही झाकला जातो. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ मध्ये याच कारणासाठी सुरक्षा सूचना काढली होती. त्यातली चाचणी सोपी आहे: दिवे बंद करा, शांत चॅनेल लावा, १३ चालेल. स्क्वेल्च खरखर येईपर्यंत उघडा, मग खरखर जेमतेम थांबेल इतकाच बंद करा. आता दिवे लावा. खरखर परत आली तर दिव्याचा ड्रायव्हर (त्याला वीज पुरवणारं सर्किट) दोषी. तो अँटेनापासून लांब न्या किंवा बदला. फेराइटची कडी कधी उपयोगी पडते, कधी नाही.

आणि रोजचाही स्क्वेल्च तिथेच ठेवायचा, खरखर जेमतेम थांबते तिथे. कटकट नको म्हणून पूर्ण फिरवून ठेवला तर शेजारची बोट तेवढी ऐकू येईल.

डिंगी_साउथॅम्प्टन

डीएससीबद्दल. इकडे ब्रिटनमध्ये तो चालवायला एसआरसी नावाचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे बटणाची माहिती आयतीच मिळते. भारतात बऱ्याच बोटींवर ते बटण आहे पण आत क्रमांकच भरलेला नाही, आणि मग ते बटण नुसतं खेळणं.

लाल झाकण उचलून बटण पाचेक सेकंद, मोजणी संपेपर्यंत दाबून धरलं की सेट चॅनेल ७० वर, म्हणजे १५६.५२५ मेगाहर्ट्झवर, एक छोटा डिजिटल संदेश फेकतो: तुमचा एमएमएसआय (बोटीचा रेडिओ-क्रमांक), ठिकाण आणि वेळ. उत्तर येईपर्यंत साधारण दर चार मिनिटांनी तो आपोआप पुन्हा जातो. कुणाला नाव, आकडे, उच्चार काही कळावं लागत नाही. आंतरराष्ट्रीय फेऱ्यांवरच्या ३०० टनांवरील मालवाहू जहाजांना चॅनेल ७० वर सतत कान ठेवावा लागतो. मुंबई-न्हावाशेव्याकडे जाणारी जहाजं तुमच्या बाहेरूनच जातात, तेव्हा तुम्हाला ऐकणारं सगळ्यात जवळचं कुणी म्हणजे बहुधा तेच.

पण दोन अटी. एमएमएसआय नऊ आकडी, भारतीय बोटीचा ४१९ ने सुरू होतो. बहुतेक सेटांत तो एकदाच भरता येतो. चुकला तर सेट विक्रेत्याकडे पाठवून पुसून घ्यावा लागतो, म्हणून कागद समोर ठेवून दोघांनी वाचत भरा. जुना सेट घेताना आधीच्या बोटीचा क्रमांक आत राहिलाय का, हे आधी बघा, नाहीतर शोध त्या बोटीचा सुरू होईल. दुसरी अट जीपीएस. आत बसवलेला असेल तर प्रश्न नाही. नसेल तर जीपीएसच्या यंत्राची, ठिकाण कळवणारी एनएमईए ०१८३ तार सेटला जोडा, वेग ४८०० बॉड. पडद्यावर अक्षांश-रेखांश दिसले तरच जोडणी झाली. हाताने भरायचं ठरवलं तर चार तासांनी ते शिळं होतं, आणि शिळं ठिकाण वाऱ्यावर पाठवणं हे न पाठवण्याहून वाईट.

चुकून बटण दाबलं गेलं तर घाबरून सेट बंद करून पळू नका. सेटवरून रद्द करा, मग चॅनेल १६ वर बोटीचं नाव आणि एमएमएसआय सांगून ‘कॅन्सल माय डिस्ट्रेस अलर्ट’ म्हणा. त्याबद्दल कुणी खात नाही.

उलटा_वारा

एवढ्या खटाटोपापेक्षा हौशी रेडिओवाल्यांचे स्वस्त चिनी सेट मरीन फ्रिक्वेन्सीला लावून घेतात काही जण. तेही १५६.८ मेगाहर्ट्झवर, म्हणजे चॅनेल १६ वर, बोलतातच की.

तांडेल_नाना

बोलतात, पाणी लागेपर्यंत. त्यांत डीएससी नाही, चॅनेल ७० नाही, आणि चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर बटण दाबायला अडवणारं काही नाही. मरीन बँडसाठी मान्यता नसलेला सेट परवान्यावर चढत नाही. परवाना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसीचा, बोटीच्या नावावर. त्यापुढे तुमची मर्जी.

आता खाडीवाल्यांसाठी वापराचं. सेट चालू केल्यावर पहिल्यांदा चॅनेलांचा संच ‘आंतरराष्ट्रीय’ आहे ना ते बघा. बाहेरून आलेले सेट कधी ‘यूएसए’वर असतात, त्यात काही चॅनेलांची फ्रिक्वेन्सीच वेगळी. त्यातली डब्ल्यूएक्स हवामानाची चॅनेलं अमेरिकेची, इथे शोधत बसू नका.

१६ फक्त हाक मारायला आणि संकटाला. हाक लागली की लगेच दुसऱ्यावर जायचं: बोटी-बोटींत ६, ८, ७२, ७७. म्हावऱ्याचा भाव १६ वर ठरवणाऱ्यांना काय म्हणावं ते प्रत्येक बंदराने ठरवावं. ७० वर तोंडाने बोलायचंच नाही, चांगले सेट बोलूही देत नाहीत. आणि एक कोडं हमखास पडतं: दोन बोटी शेजारी, दोन्ही सेट ठणठणीत, तरी एकमेकांना ऐकू येत नाही. चॅनेल बघा. २६ सारखी चॅनेलं जोडीची असतात. बोट १५७.३०० वर बोलते आणि १६१.९०० वर ऐकते, किनारा उलट. दोन बोटी त्यावर गेल्या की दोघी बोलतात आणि दोघी बहिऱ्या.

बटण दाबा, एक सेकंद थांबा, मग बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. माइक तोंडापासून चार बोटं, वाऱ्याला पाठ करून. आणि माइक नीट खुंटीवर ठेवा. गादीखाली बटण दाबलं गेलेला एक माइक आख्ख्या बंदराचं १६ बंद पाडतो, आणि ज्याचा आहे त्यालाच काही ऐकू येत नाही.

खाडीवाला

संकटाची हाक नेमकी कशी? टपात चिकटवून ठेवायचीय, खलाश्यांपैकी कुणालाही वाचता यावी अशी.

तांडेल_नाना

आधी लाल बटण, मग १६, मग २५ वॅट. मोठ्या अक्षरात हे लिहा, मोकळ्या जागा आधीच भरून:

मेडे, मेडे, मेडे. धिस इज (बोटीचं नाव तीनदा), (एमएमएसआय). मेडे (बोटीचं नाव एकदा). माय पोझिशन… (ठिकाण). वी आर सिंकिंग (किंवा ऑन फायर, काय असेल ते). रिक्वायर इमिजिएट असिस्टन्स. (किती) पर्सन्स ऑन बोर्ड. ओव्हर.

मग बटण सोडा आणि ऐका. सोडायचं विसरणारे खूप. उत्तर नाही आलं तर पुन्हा पहिल्यापासून. जिवाला धोका नाही पण अडकलोय, इंजिन बंद, अशा वेळी मेडे नाही, ‘पॅन पॅन’ तीनदा. इंग्रजी अडलं तर मराठी-हिंदीत बोला, पण मेडे, नाव आणि ठिकाण हे तीन तुकडे आधी जाऊ द्या.

फिरता_अँटेना

ठिकाणाचे आकडे सांगताना एक चूक नेहमी होते, तीही त्या कागदावर लिहा. हर्णैच्या १२ मैल पश्चिमेला साधारण १७ अंश ४९ मिनिटं उत्तर, ७२ अंश ५३ मिनिटं पूर्व. मोबाइलवर तेच १७.८१७ असं दशांशात दिसतं. कुणी ‘१७ अंश ४९ मिनिटं’ ऐकून १७.४९ असं भरलं, तर ते ठिकाण जवळपास २० मैल दक्षिणेला, गुहागरसमोर. शोध तिकडे जाईल. म्हणून ‘डिग्री’ आणि ‘मिनिट्स’ हे शब्द गिळायचे नाहीत, आणि एकेक आकडा सुटा: वन सेव्हन डिग्री, फोर नाइन मिनिट्स. जोडीला ओळखीची खूण: ‘सुवर्णदुर्गापासून पश्चिमेला १२ मैल’. बोटीपासून किल्ला नव्हे, किल्ल्यापासून बोट.

उलटा_वारा

सरकारने ट्रान्सपॉन्डर (बोटीचं ठिकाण कळवणारं यंत्र) दिलेत ना आता? मग हे सगळं कशाला?

डिंगी_साउथॅम्प्टन

३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला ज्याची सुरुवात झाली ती १ लाख ट्रान्सपॉन्डरची योजना म्हणत असाल तर ते उपग्रहावरून जातं, पल्ल्याची काळजी नाही. डीएटी हे संकट-यंत्रही तसंच. असतील तर जरूर ठेवा. पण त्यावरून दोन मैलांवरच्या ट्रॉलरला ‘दोर घेऊन ये’ असं तोंडाने सांगता येत नाही, ते व्हीएचएफवरच. किनाऱ्याजवळ मोबाइल चालत असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हेही त्याच कागदावर लिहा.

खाडीवाला

सगळ्यांचे आभार. ठरवलंय असं: २५ वॅटचा क्लास डी सेट, आत जीपीएस असलेला. ३ डेसिबलचा अँटेना टपावर दीड मीटरच्या काठीवर. आरजी-८एक्स ६ मीटर, यूजी-१७६ सह. ४ चौरस मिमीची कथलाची तार, फ्यूज सेटमागे. बॅटरी वर उचलतोय. हातातला तरंगणारा ५ वॅटचा. सेट टपात होकायंत्राशेजारी बसेल, जागा तेवढीच आहे.

कळंक

दोन दुरुस्त्या. फ्यूज सेटमागे नको, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. सेटमागे लावला तर मधली ५ मीटर तार उघडी राहते, आणि ती कुठे घासून टेकली की जळणार तार, फ्यूज नाही. सेटच्या तारेवर कंपनीने दिलेला असेल तो राहू द्या, हा वेगळा. आणि सेटमधल्या स्पीकरला लोहचुंबक असतं. पुस्तिकेत होकायंत्रापासूनचं अंतर दिलेलं असतं, त्याहून जवळ बसवलात तर होकायंत्र चुकीची दिशा दाखवेल. जागा नसेल तर सेट छताला उलटा टांगा, बहुतेकांची कंस-पट्टी तशी फिरते.

तांडेल_नाना

आणि चाचणी १६ वर नको. बसवून झालं की ७२ वर शेजारच्या बोटीशी, आधी १ वॅट, मग २५. नंतर तिला बाहेर पाठवा, दर मैलाला एकदा बोला आणि कुठे तुटतं ते लिहून ठेवा. आठ मैलांच्या आसपास तुटलं तर जोडणी बरोबर. तीनवरच तुटलं तर कनेक्टर पुन्हा उघडा.